लोणारची सहल आणि खामगावची गाडी

शिट्टी ऐकली की अजून माझं डोकं फिरतं. शाळेच्या मैदानावर ड्रिलमास्तर वाजवू दे नाहीतर चौकात हवालदार, माझी कानशिलं गरम होतात आणि समोर सोलाहॅट घातलेला एक माणूस उभा राहतो. त्याच्यावर मला आजवर मनसोक्त चिडता आलेलं नाही, हे आणखी दुखणं. कारण त्या दिवशी निम्मा घोळ माझा होता. निम्म्याहून जरा जास्तच.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी बुलढाण्याला एका कचेरीत कारकून होतो. कचेरीतल्या हौशी मंडळींनी दिवाळीच्या सुट्टीत एसटीची खास गाडी ठरवून लोणारची एक दिवसाची सहल काढली. फिरवलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘एक डोंगर, दोन तळी, सोबत माहितगार मार्गदर्शक.’ मी दोन नावं दिली. एक माझं आणि दुसरं वहिनीचं.

ही माझ्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन दुसरबीडला आमच्या घरी आली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. तिनेच मला वाढवलं. मला ती तू म्हणायची, ‘बे’ही म्हणायची. ‘भाऊजी’ आणि ‘तुम्ही’ सुरू झालं की समजायचं, बाई संतापली.

मी मॅट्रिकला दोनदा आपटलो. तिसऱ्या खेपेला वहिनीने कमळजादेवीला नवस केला, की हा पास होऊ दे, मी अनवाणी उतरून तुझी ओटी भरीन. ही देवी लोणारच्या मोठ्या तळ्याच्या काठाला आहे, खाली, अगदी विवराच्या तळाशी. वहिनीचं माहेर त्याच बाजूच्या एका खेड्यातलं, म्हणून देवी तिच्या ओळखीची. मी पास झालो. नोकरी लागली, लग्न झालं. दर दिवाळीला वहिनी विचारायची, ‘औंदा नेतं का बे लोणारले?’ आणि मी दर दिवाळीला म्हणायचो, पुढच्या वर्षी नक्की. असं नऊ वर्षं चाललं. लोणार काही विलायतेत नव्हतं. नवस तिचा असला तरी पास मी झालो होतो, एवढंही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

सहलीची गाडी बुलढाण्याहून यायची होती, पण दिवाळीला मी दुसरबीडलाच होतो, म्हणून आम्ही दोघं तिला मेहकरच्या स्टँडवर गाठणार होतो. वहिनीच्या हातात तांबड्या फडक्याचं गाठोडं होतं. त्यात हिरवा खण, नारळ, ओटीचे गहू, हळदकुंकू. खण तिने नऊ वर्षांपूर्वीच घेऊन ठेवला होता. ती म्हणाली, जरा धर, मी पाणी पिऊन येते.

आता इथे मला आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. स्टँडवर गाडी लागली की आमचा माणूस दाराकडे जात नाही, खिडकीकडे धावतो. रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताला येईल ते खिडकीतून सीटवर टाकायचं. ती जागा मग आपली. त्यावर भांडणं होतात, पण रुमालाचा हक्क कोणी नाकारत नाही. माझा हात या विद्येत तयार होता. भर गर्दीत पळत्या गाडीच्या तिसऱ्या खिडकीतून मी टोपी टाकलेली आहे.

तांबडी गाडी धुरळा उडवत आत शिरली. माणसं धावली, मीही धावलो. आमची गाडी खास आहे, तिच्यात नावानिशी जागा आहेत, एवढं माझ्या डोक्याला ठाऊक होतं. हाताला नव्हतं. खिशात रुमाल होता, पण तो बायकोने कडेने वेलबुट्टी काढून दिलेला, कोरा, पांढरा शुभ्र. तो मळेल म्हणून मी हातातलं गाठोडं टाकलं. नेम अचूक. खिडकीलगतची जागा.

गाडी खामगावची होती.

ती दोन मिनिटंही थांबली नाही. पाटी वाचून मी ओरडेपर्यंत घंटी वाजली. मी मागे धावलो. आतल्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून प्रेमाने हात हलवला. त्याला वाटलं, कोणाला पोचवायला आलोय.

वहिनी पाणी पिऊन आली. मी सगळं सांगितलं. स्टँडवरच्या बाबूने सांगितलं, गाडी संध्याकाळी परत येते, तेव्हा विचारा. मग वहिनी म्हणाली, ‘भाऊजी, तुम्ही फार शिकले.’

सहलीची गाडी आली आणि तिच्यातून आधी शिट्टी उतरली, मागून मार्गदर्शक. पुण्याकडचे कोणी निवृत्त मास्तर होते, सोलाहॅट, हातात छडी. मी त्यांना विनवलं, की लोणार गावात पाच मिनिटं गाडी थांबवा, ओटीचं सामान घेतो. ते म्हणाले, वेळापत्रक आखलेलं आहे, सर्वांच्या सोयीचा प्रश्न आहे. त्यांची शिट्टी गळ्यात लोंबत होती. तेव्हाच तिचा दोरा तोडायला हवा होता.

सुलतानपूर मागे पडल्यावर त्यांनी एका उघड्या टेकाडाशी गाडी थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं. म्हणाले, हाच तो प्रसिद्ध डोंगर. लवणासुर राक्षस जमिनीतल्या विवरात लपला होता, देवाने अंगठ्याने त्या विवराचं झाकण उडवलं, ते झाकण म्हणजे समोर दिसतो हा डोंगर. बायकांनी हात जोडले. वहिनी माझ्या कानाशी पुटपुटली, ‘हा तो नाही. तो तिकडं दूर हाये, मराठवाड्याच्या अंगाले. इथून दिसत बी नाही.’

गप्प बसलो असतो तर मी मी कसला? मला मास्तरांचं सकाळचं उसनं फेडायचं होतं. चारचौघांत मी खडा सवाल टाकला, की आपण दाखवता तो डोंगर आणि खरा डोंगर यांत कोसच्या कोस अंतर आहे, हे आपल्याला माहीत आहे काय? कचेरीतले चार लोक हसले. मी फुगलो. मास्तर लाल झाले. आणि मग त्यांनी तो डोंगर खरा आहे हे सिद्ध करायला घेतलं. पुराण झालं, इतिहास झाला, भूगोल झाला. मी मध्ये मध्ये काड्या घालत होतो, त्यामुळे परत पुराण झालं. उन्हात उभं राहून लोक घामाघूम झाले, पण मला थांबवेना. वहिनी गाडीच्या सावलीत चाकाजवळ बसली होती. ती सूर्याकडे बघत होती, मी मास्तरांकडे.

पुढे गावात न थांबता लहान तळं झालं, तिथला निजलेला मारुती झाला, जेवणं झाली. आमच्या कचेरीतल्या साहेबांच्या बायकोला डुलकी आली म्हणून गाडी झाडाखाली आणखी थांबली. तेव्हा मात्र वेळापत्रकाला कुठे भोक पडलं नाही. मोठ्या तळ्याच्या काठावर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. खाली ते अजस्र वाडगं, तळाशी हिरवं पाणी, चोहीकडे झाडी.

मास्तरांनी शिट्टी फुंकली. डोंगरावर वेळ मोडल्यामुळे तळं वरूनच पाहायचं, वीस मिनिटं, कोणी खाली उतरायचं नाही. ‘काही विद्वानांच्या कृपेने,’ असंही म्हणाले, माझ्याकडे छडी करून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना सांगितलं की ही बाई नऊ वर्षं थांबली आहे. ते म्हणाले, मग आणखी एक वर्ष थांबेल, देव कुठे पळून जातो? लोक हसले. सकाळी माझ्या विनोदाला हसले होते तेच लोक. मी काहीतरी घणाघाती बोलणार होतो. काय, ते मला आजतागायत सुचलेलं नाही.

वहिनी उठली. पायातल्या चपला काढून माझ्या हातात दिल्या, पदर खोचला आणि मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली.

‘तुमची गाडी तुम्ही न्या,’ ती म्हणाली. ‘मी गाडी पाहाले नाही आली.’

आणि उतरायला लागली. मागे वळून माझ्याकडे पाहिलंही नाही. मी तिच्या चपला घेऊन मागे निघालो. वरून शिट्टी वाजत राहिली, मग ऐकू येईनाशी झाली.

उतारावर बारमाही झऱ्याची धार पडते, तिच्याखाली तिने पाय धुतले. पुढे पायवाट झाडीतून जाते. ती खड्यांवरून सपासप चालत होती आणि मी पायात माझ्या चपला असूनही ठेचकाळत होतो. अर्ध्या वाटेत मी म्हणालो, वहिनी, पण ओटीला काहीच नाही. ती थांबली. आता ती जशी चिडली तशी मी तिला घरात कधी पाहिली नव्हती.

‘खण कोणी फेकला? डोंगरावर भांडत कोण बसलं? मी त्या मास्तरावर नाही रागावली भाऊजी, तो परका हाये. तुमच्यासाठी बोलली होती मी देवीले. तुम्हाले एक दिवस नाही भेटला?’

तिने वाटेलगतच्या झाडाची सीताफळं तोडली, डोळे उघडलेली, पिकायला आलेली, निवडून पाच. त्या उतारावर ती आपोआप उगवतात, कोणी लावत नाही.

देवळात कोणी नव्हतं. पाण्याचा उग्र वास येत होता. तिने देवीपुढे बसून हात पसरला.

‘रुमाल द्या.’

मी खिशातून तो कोरा रुमाल काढला. तिने त्यावरची वेलबुट्टी बोटाने चाचपली, म्हणाली, हात चांगला हाये तिचा. मग खणासारखी घडी घालून देवीपुढे ठेवला आणि त्यात एकेक करून सीताफळं मांडली. देवीशी ती बराच वेळ बोलली. माझ्याबद्दल बोलली असणार, कारण मधूनमधून मान माझ्याकडे झटकत होती. मी दाराबाहेर चपला धरून उभा होतो.

वर आलो तेव्हा सहलीची गाडी गेलेली. खरंच गेलेली. मास्तरांनी एवढी एक गोष्ट वेळेवर केली. लोणारच्या स्टँडपर्यंत मी त्यांना जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या. वहिनीने मला अडवलं नाही, साथही दिली नाही.

तिन्हीसांजेला गाडी आली. गर्दी धावली आणि माझे पायही धावले. खिशात हात घातला, रुमाल नव्हता. डोक्यावरची टोपी काढून मी हात मागे घेतला, एवढ्यात कोणीतरी मनगट घट्ट पकडलं.

‘पाटी वाचा आधी,’ वहिनी म्हणाली.

लोक आमच्या दोन्ही बाजूंनी आत घुसत होते. खिडकीलगतच्या जागा भरत होत्या. मी मोठ्याने वाचली, ‘लोणार, मेहकर.’

तिने मनगट सोडलं नाही.

‘पुन्हा वाच,’ म्हणाली.

मी पुन्हा वाचली.