नंबर गेला, पडदा राहिला

चष्मा कपाळावर सरकवून ती कुठलाही कागद नाकाला टेकवून वाचायची. "वास घेतेस की वाचतेस?" असं मी विचारलं, की म्हणायची, "दोन्ही रे. खोटा कागद वासावरून कळतो."

परळला मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. शेजारच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती मायक्रोस्कोपवर बसायची. नंबर उणे सोळा. नायगावच्या चाळीत लहानपणापासून जाड काचांमुळे सगळे तिला 'बाटली' म्हणत, आणि ती हसून ओ द्यायची. अशा हसण्याला आपण सगळेच फसतो, नाही का?

नंबर घालवायच्या लेझरला डॉक्टरांनी नकार दिला. बुबुळावरचा कॉर्निया पातळ होता. दुसरा उपाय होता. डोळ्याचं स्वतःचं भिंग तसंच ठेवून त्याच्यापुढे एक बारीक लेन्स आत बसवायची. तिने दोन्ही डोळ्यांत बसवून घेतली.

आठवड्याने दुकानात आली, बिनचष्म्याची. "सकाळी डोळे उघडले, तर पंख्याची पाती दिसली रे! चष्मा न शोधता!" म्हणाली आणि काउंटरवर डोकं टेकून रडली.

डॉक्टरांनी बजावलं होतं, नंबर गेला तरी डोळा मुळात तसाच लांबट, मागचा पडदा तसाच नाजूक, दरवर्षी दाखवायचं. पहिल्या वर्षी ती गेली. मग नाही.

"चष्माच नाही, तर डॉक्टर कशाला?"

मी दोनदा टोकलं. तिसऱ्यांदा गप्प बसलो. ते अजून टोचतं.

चाळ पाडायला घेतली. सामान हलवताना तिच्या उजव्या डोळ्यात विजा चमकू लागल्या. "काळे ठिपके नाचतायत रे," ती दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाली.

"आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जा!"

"आईला नव्या खोलीत सामान लावून देते. सोमवारी जाते."

सोमवारपर्यंत अर्ध्या डोळ्यावर काळोख उतरला होता. पडदा सुटला होता. दोन ऑपरेशनं झाली, तरी उजवा डोळा गेला. डाव्याच्या पडद्याला लेझर करून तेवढा वाचवला. नोकरी तिनेच सोडली. "कुणाच्या रक्तातलं काही माझ्याकडून सुटलं तर?"

लॅबमधलं सामान न्यायला ती शेवटची परळला आली, तेव्हा दुकानात टेकली. मी चहा मागवला, काउंटरवर तिच्या बाजूला ठेवला आणि गिऱ्हाइकाकडे वळलो. परतलो तर ती हात मांडीवर ठेवून बसली होती.

"चहा सांगितलास ना रे?"

कप तिच्या उजव्या बाजूलाच होता. मी तो उचलून डावीकडे ठेवला. वर साय धरली होती.