थेंबात फिरणारा रेणू

बाई संशोधक आणि काका यंत्रावरचे तंत्रज्ञ. तळघरातल्या प्रयोगशाळेत त्यांची वर्षानुवर्षांची जोडी. हेलियम इतका थंड करायचा की त्याच्या मोजक्या अणूंचा इवलासा थेंब व्हावा, आणि त्यात एक परका रेणू सोडायचा, हे त्यांचं काम. थोडे अणू चिकटले की रेणू जड होतो, जेमतेम फिरतो. पण आणखी अणू आले की ते आडवे येणंच सोडून देतात आणि रेणू पुन्हा सुटल्यासारखा फिरू लागतो. हे नेमकं कितव्या अणूपासून होतं, एवढंच बाईंना पाहायचं होतं.

"गर्दी वाढली की वाट मोकळी? आमच्या घरी तर उलटंच आहे," काका म्हणायचे. घरी बायको, दोन मुली आणि सासू.

हवेतला प्राणवायू कमी झाला की वाजणारी घंटा त्या आठवड्यात उगाचच ठणाणा करत होती. काकांनी वैतागून तिची तार काढली.

"दुरुस्तीवाला आला की जोडू."

बाईंनी पाहिलं आणि त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या.

त्या दुपारी पडद्यावर पहिल्यांदा हवी तशी, रेणू पुन्हा सुटा फिरू लागल्याची रेघ उमटली. बाईंनी हाक मारली. शेजारच्या टाकीच्या खोलीतून उत्तर आलं नाही. दार उघडलं तर काका भिंतीला टेकून बसलेले, डुलकी लागल्यासारखे. फाटलेल्या नळीतून हेलियम फुसफुसत होता, खोलीतला प्राणवायू हुसकावत. त्यांना ओढून बाहेर आणताना बाईंनाही घेरी आली. काका उठले नाहीत.

चौकशीला तिघे साहेब बसले.

"घंटेची तार कोणी काढली?"

खरं सांगितलं असतं तर सगळा दोष मेलेल्याच्या माथी बसला असता आणि घरच्यांच्या हाती धुपाटणं आलं असतं.

"मी काढायला सांगितली," बाई म्हणाल्या.

काकांच्या बायकोला पेन्शन सुरू झाली. बाईंना प्रयोगशाळेतून हलवून ग्रंथालयात बसवलं. त्या रेघेचं काम पुढे दुसऱ्याच कोणीतरी मार्गी लावलं.

एकदा औषधांच्या दुकानात काकांची बायको समोर आली, धाकटीचा हात धरून.

"हीच ती बाई," ती मुलीला हळूच म्हणाली. "हिनेच घंटा बंद करायला लावली."

 औषध न घेताच बाई पायऱ्या उतरल्या. तेव्हापासून त्या औषधासाठी लांबच्या दुकानात जातात.