सगुणाची कालवांची वाटी

सगुणानं स्वतःच्या हातानं पोराला मारलं, असं कोळीवाड्यात कुणी बोललं की मी तोंडाला पदर लावून गप्प बसायची. एक-दोन दिवस नाही, दोन वर्षं बसले. आता बोलते, कारण त्या गप्प बसण्यापायी दुसरं पोर जायची वेळ आलेली.

सगुणा माझी वहिनी, नाथादादाची बायको. कोलशेतच्या खाडीत ओहोटीला कालवं काढायला तिच्याइतकी तरबेज बाई नव्हती. गुडघाभर चिखलात उभी राहून कोयतीच्या एका ठोक्यात शिंपली उघडायची, आणि तोंडाचा पट्टा चालूच. भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायची, "ये माझ्यासंगती चिखलात, फुकट देतंय तुला." अशी बाई. तिचा दर्शन बारावीत असताना त्याच्या हातातून पेन पडायला लागलं. मग बोलणं जड झालं, डोळे पिवळे झाले. कावीळ समजून आम्ही गळ्यात माळ घातली, मुळ्या उगाळल्या, सगळं केलं.

शेवटी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. हा आजार आईबापाच्या रक्तातून येतो. आपण खातो त्यातलं तांबं अंगाबाहेर पडत नाही, लिव्हरमध्ये साठतं, मग मेंदूत जातं. तांबं बाहेर काढायच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, एक दिवस चुकवायचा नाही. धाकट्या बहिणीची, प्राप्तीची पण तपासणी करा, म्हणाल्या. वर पथ्याचा कागद दिला. कालवं, खेकडे, कोलंबी, कलेजी, काजू सगळं बंद. कालवांवर तर दोनदा रेघ मारलेली. सगुणानं लग्नातला तांब्याचा हंडा त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकला.

गोळ्या सुरू झाल्या आणि हात आणखीनच थरथरायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणालेल्या, सुरुवातीला असं होऊ शकतं, धीर धरा. पण कोरड्या उलट्या काढणारं पोर बघून धीर कुठून आणायचा? तिथे मी शहाणी पुढे झाले. मी कल्याणला दिलेली. तिथल्या एका निसर्गोपचार केंद्रात माझी शुगर उतरलेली, म्हणून अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली मी. दर्शनला तिथे घेऊन गेले. दुधीचा रस, पोटावर मातीची पट्टी, सकाळी योगासनं. तिथले सर म्हणाले, "याने ताकद येईल. गोळ्यांचं मात्र डॉक्टरांना विचारूनच बघा."

मी घरी येऊन काय सांगितलं? म्हटलं, "वयनी, सर बोलले गोळ्या बंद कर. गोळ्यांनीच पोर खराब होतंय."

का बोलले तसं? मला तसं हवं होतं म्हणून. दुसरं कारण नाही.

गोळ्या बंद झाल्या. पहिले दोन-तीन महिने दर्शन खरंच बरा दिसला. उलट्या थांबल्या, शवासनात पडून हसायचा. मी सगळ्यांना सांगत सुटले, बघा माझं. मग तो सुकत गेला. हाडं दिसायला लागली. आमच्यात आजारातून उठणाऱ्या पोराला आईनं स्वतः फोडून आणलेल्या कालवांचा रस्सा देतात, त्याशिवाय अंगात जीव धरत नाही म्हणतात. सगुणानं कागद पाळला, पाळला, आणि अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला तिला राहवलं नाही. एक वाटी रस्सा तिनं त्याला भरवला. पोरगं पोटभर जेवलं त्या दिवशी. आठव्या दिवशी रक्ताची उलटी झाली आणि त्यानंतर चार दिवसांनी हॉस्पिटलात दर्शन गेला.

कोयती तिनं खाडीत फेकून दिली. चुलीकडे फिरकली नाही. तेव्हापासून नाथादादा रांधतो आणि बारा वर्षांची प्राप्ती स्वतःच्या हातानं ताट वाढून घेते.

हॉस्पिटलात सगुणानं वाटीचं सांगितल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलेलं, "एका वाटीनं असं होत नाही. गोळ्या कधीपासून बंद आहेत?" मी म्हटलं, "मला काय माहीत." चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मी, तिच्याच शेजारी बसून रडत होते.

टाळत टाळत यंदा प्राप्तीची तपासणी केली. तोच आजार निघाला. अजून काही त्रास नाही, गोळ्या घेतल्या तर चांगली जगेल, असं सांगितलं. महिन्याभरानं मी कोलशेतला गेले तर गोळ्यांचं पाकीट फडताळात तसंच, सील पण फोडलेलं नाही.

"वयनी, गोळ्या का नाय देत?"

"कशाला? दर्शन गोळ्यांशिवाय बरा होता. माझ्या वाटीनं गेला तो. या घरात कालवं येत नायत, पोरीला काय होनार नाय."

नाथादादा समजावून थकलेला. मी पण अर्धा तास समजावलं. ती मान हलवत राहिली. माझ्याकडे आता एकच गोष्ट होती. प्राप्ती दारात दप्तर भरत होती, तिच्यासमोरच बोलावं लागलं.

"सर बोललेच नव्हते गोळ्या बंद करा म्हणून. ते मी बोलले. डॉक्टरीण म्हणाली एका वाटीनं कोण मरत नाय. गोळ्या बंद केल्या म्हणून गेला आपला दर्शन. माझ्यामुळे गेला."

सगुणा माझ्याकडे बघत राहिली. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"वाटीनं नाय?"

"नाय."

ती उठली. फडताळातलं पाकीट काढून सील फोडलं. स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं, प्राप्तीला जवळ ओढलं आणि गोळी तिच्या जिभेवर ठेवली. पोर गिळेपर्यंत हनुवटी धरून होती.

"दोन वर्सं," ती माझ्याकडे न बघता बोलली, "दोन वर्सं मी पोरीला या हातानं घास नाय दिला, संचिता. तुला ठाव होतं."

मग म्हणाली, "जा आता. परत येऊ नको."

मी गेले नाही परत. रोज सकाळी सातला फोन हातात घेऊन बसते. प्राप्ती एकच शब्द पाठवते, 'घेतली'. काल पाठवलं, 'आईनं भरवली'.