अकरा घरांची खीर

सोमवार, वैशाख पौर्णिमा. दिलेली रक्कम एकशे एक रुपये. हजर माणसं चार: मी, माझी बायको, कॉलेजात जाणारी आमची मुलगी आणि देवळ्याजवळचा शेतकरी, ज्याच्या कांद्याच्या चाळीत कुत्री व्यायली होती. तो पैसे घ्यायला तयार नव्हता. "कुत्र्याचं पिलू कोण इकतं का?" म्हणाला. पण फुकट आणलेलं जनावर घरात टिकत नाही, असं माझ्या बायकोनं ठामपणे सांगितल्यावर त्यानं नोट आणि वरचा रुपया खिशात टाकला. निघताना म्हणाला, "बाजरीची भाकर ताकात कुस्करून द्या. आठ दिस दुसरं काय बी नाय."

मी हो म्हणालो. बायको शेजारीच उभी होती, त्यामुळे तिला वेगळं सांगायची गरज वाटली नाही. मुलगी पिल्लाला घेऊन आधीच भाड्याच्या गाडीत जाऊन बसली होती. तिनं ते ऐकलंच नाही.

पिल्लू तांबूस रंगाचं होतं, मादी, दीड महिन्याची. नाशिकला पोचेपर्यंत ते मुलीच्या ओढणीत झोपून राहिलं.

आमच्या गल्लीत पौर्णिमेला प्रत्येक घरी खीर होते. सकाळी विहारात वंदना झाली की दुपारनंतर खिरीची भांडी या घरातून त्या घरात फिरत राहतात, आणि त्या दिवशी दाराशी आलेल्या कुणालाही खीर घेतल्याशिवाय जाऊ देत नाहीत. कुरिअरवाला असो, भंगारवाला असो, वाटी हातात येणारच. आमची मुलगी संध्याकाळी पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळून गल्लीभर दाखवायला घेऊन गेली. तिला वाटलं, सगळे कौतुक करतील. कौतुक झालंच. शिवाय प्रत्येक दारात पिल्लापुढे एक चमचा खीरही आली.

"पहिल्यांदा आलंय गल्लीत, तोंड गोड करू दे की," असं कोपऱ्यावरच्या मावशी म्हणताना मी स्वतः ऐकलं. मी आमच्या गेटपाशी उभा होतो आणि हसत होतो.

मंगळवारी उजाडताच मुलीची हाक आली. पिल्लानं सोफ्याखाली उलटी केली होती, स्वयंपाकघरात पातळ शी केली होती आणि आता ते बाथरूमच्या थंड फरशीवर पोट टेकवून पडलं होतं. बायकोनं ते पुसून घेतलं आणि म्हणाली, "घर बदललं की तान्ह्या बाळालाही होतं असं. दुपारपर्यंत थांबेल सगळं." तिच्या बोलण्यात चूक काही नव्हती, पण मी पिल्लाच्या बाजूला बसून राहिलो. पाणी पुढे केलं तर ते नाक वळवायचं. दुसरी उलटी झाली, मग तिसरी. शी आता पाण्यासारखी होत होती. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की ती लगेच खाली बसत नव्हती. काल ओढणी चावणारं पिल्लू मी उचललं तेव्हा त्याचे चारही पाय नुसते लोंबत होते.

"चल," मी म्हणालो. "दुपारची वाट बघायची नाही."

आमच्या भागातला दवाखाना बंद होता, म्हणून रिक्षानं पंचवटीत गेलो. ऊन चढलं होतं. सिग्नलला रिक्षा थांबली की मी पिल्लाच्या पोटावर हात ठेवून ते हलतंय का बघत होतो. बायको एकदा म्हणाली, "सारखा हात लावू नका, त्याला श्वास घेऊ द्या." मी हात काढला आणि डोळ्यांनी बघत राहिलो.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी आधी वजन केलं, ताप बघितला आणि विचारलं, "लसीकरण?"

"झालेलं नाही. कालच आणलंय."

"मग आधी पार्वो बघू." शीचा नमुना घेऊन त्यांनी एका छोट्या पट्टीवर थेंब टाकले. "एक रेघ आली तर पार्वो नाही. दोन आल्या तर मात्र अवघड आहे, हे आत्ताच सांगून ठेवते. या वयाची पिल्लं पार्वोत फार वाचत नाहीत."

पट्टी टेबलावर होती. मी आयुष्यभर कचेरीत आकडे तपासले आहेत. समोरच्या कागदावर जे आहे तेच वाचायचं, हवं ते वाचायचं नाही, ही माझी शिस्त. पण त्या पट्टीकडे बघताना मला दुसरी रेघ दोनदा दिसली आणि दोन्ही वेळा ती नव्हती.

"एकच आहे," डॉक्टर म्हणाल्या. मुलीनं बायकोच्या खांद्यावर डोकं टेकलं. तेवढ्यात पिल्लानं टेबलावरच पुन्हा उलटी केली. पिवळसर पाण्यात काहीतरी फुगलेलं, तपकिरी पडलं. डॉक्टरांनी ते चिमट्यानं उचललं.

"हे काय आहे?"

"बेदाणा," बायको म्हणाली. "खिरीतला असेल. काल पौर्णिमा होती."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. "द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याला द्यायचे नसतात. दुधानं आणि साखरेनं नुसती जुलाब-उलटी होते, ती थांबवता येते. बेदाण्यानं किडनी जाऊ शकते. सगळ्यांची जात नाही. कुणाची जाईल ते आधी कळत नाही." मग त्यांनी विचारलं, "किती खाल्ले?"

बायकोनं मुलीकडे बघितलं. मग मुलगी म्हणाली, "मी मोजले नाहीत. अकरा घरी नेलं होतं त्याला."

"अकरा?" डॉक्टर म्हणाल्या. "मी सलाइन लावते, रक्त घेते. तुमच्यापैकी कुणीतरी जाऊन अंदाज आणा. वजन एवढंसं आहे, दोन-तीन बेदाणे आणि तीस बेदाणे यात फार फरक पडतो."

बायको आणि मुलगी तिथं थांबल्या. मी परत आलो.

द्राक्षाच्या गावात राहून मला हे ठाऊक नव्हतं, याचंच वाईट वाटत होतं. गल्लीत शिरलो तर शेजारचे आजोबा दारातच भेटले. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, गल्लीतल्या प्रत्येक कामात पुढे. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एकटे कुठं फिरता? लोकांना वाटेल तुम्ही खिरीला नावं ठेवायला आलात. मी सोबत येतो, म्हणजे सगळे नीट सांगतील." मला ते पटलं.

पहिलं दार कोपऱ्यावरच्या मावशींचं.

"जय भीम, मावशी. कालच्या खिरीत बेदाणे होते का?"

"होते म्हणजे? आमच्या खिरीत हात कधी आखडलाय का? काजू, बदाम, चारोळी, बेदाणे, सगळं."

"पिल्लाच्या चमच्यात किती आले असतील?"

"आले असतील की पाच-सहा. आम्ही काय पाण्यासारखी खीर करतो?"

आजोबा हसले. "मावशीची खीर म्हणजे चमचा उभा राहतो."

"मग?" मावशी म्हणाल्या. पुढच्या दारातल्या ताई ओट्यावर येऊन हे ऐकतच होत्या. त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आमच्यात तर सहा-सात तरी आले असतील. पाव किलो टाकले होते मी." त्याच्या पुढच्या घरातली नवी सून आधी सासूकडे बघून मग म्हणाली, "पाच." सासूनं लगेच दुरुस्ती केली, "पाच कसले, आठ."

असं अकराही घरं झाली. मी प्रत्येक आकडा हातातल्या कागदी पिशवीच्या मागे लिहीत होतो. बेरीज साठच्या पुढे गेली. मी ती पुन्हा केली, खालून वर. तीच आली. पावणेतीन किलोच्या पिल्लाच्या पोटात साठ बेदाणे. मी फोन करून डॉक्टरांना तो आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "तीन दिवस सलाइन लागेल. रोज रक्त बघू. लघवी होते की नाही, यावर लक्ष ठेवायचं. लघवी थांबली तर माझ्या हातात काही उरणार नाही." आणि त्यांनी विचारलं, "तुमच्या घरची धरली का यात?"

धरली नव्हती. त्यांनी तिथंच बसलेल्या बायकोकडे फोन दिला. ती म्हणाली, "आपल्या घरची दिली नाही त्याला. तोवर त्याचं पोट फुटायला आलं होतं."

दुपारी दवाखान्यात पिल्लाच्या पुढच्या पायाला सुई होती आणि त्यावर पांढरी पट्टी. त्यानं डोळे उघडले, मला बघितलं, पुन्हा मिटले. खाली अंथरलेलं वर्तमानपत्र कोरडं होतं. त्या दिवसभरात मी किती वेळा ते वर्तमानपत्र हातानं चाचपलं ते मी मोजलं नाही. मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, माझ्यामुळे झालं ना?" मी म्हणालो, "अकरा घरांमुळे आणि मी गेटपाशी हसत होतो त्यामुळे. तुझा वाटा तेरावा." ती हसली नाही.

संध्याकाळी कपडे आणायला घरी आलो. दार लावत होतो तर चौथ्या घरातल्या बाई फाटकाशी उभ्या होत्या. त्या दोन घरी धुण्याभांड्याचं काम करतात, नवरा आजारी असतो. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"भाऊ, माझ्या खिरीत बेदाणे नव्हते."

"तुम्ही सहा म्हणालात."

"म्हणाले. आजोबा उभे होते, शेजारच्या वहिनी उभ्या होत्या. पौर्णिमेची खीर आणि नुसती तांदूळ-साखरेची, कसं सांगायचं?" त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "पण तुमच्या आकड्यावर डॉक्टरीण औषध देणार ना? खोट्या आकड्यावर जास्तीचं औषध जाऊन ते मेलं तर? म्हणून आले."

मी त्यांना धन्यवाद म्हणालो आणि ओट्यावर बसलो. इतकी वर्षं लोकांचे हिशेब तपासून मला एक गोष्ट कळायला हवी होती: माणूस खर्चाचा आकडा चारचौघांत कमी सांगतो, पण पाहुणचाराचा वाढवून सांगतो. आणि मी चारचौघांना सोबत घेऊनच विचारत फिरलो होतो.

मग पुन्हा निघालो, यावेळी एकटा. दाराशी न थांबता आत जाऊन, हळू आवाजात. नवी सून माझ्यामागे ओट्यावर आली आणि कुजबुजली, "काका, आमच्यात बेदाणे संपले होते. सासूबाईंना सांगू नका." पाव किलोवाल्या ताईंनी सांगितलं की पाव किलो आणले होते खरे, पण अर्धे डब्यातच आहेत, आणि पिल्लाला वरवरची खीर दिली. "बेदाणे तळाशी बसतात ना." मावशींना मी घाबरतच विचारलं. "एक असेल," त्या म्हणाल्या. "किंवा दोन. जास्त नाही. माझ्या घरात लेकरं आहेत, भाऊ. बेदाणे ती आधी वेचतात." आणि मग, "वाचेल ना ते?"

सगळे मिळून चार, फार तर पाच. त्यातला एक उलटीत पडला होता.

डॉक्टरांना सांगितलं. "हे बरं झालं," त्या म्हणाल्या, "पण सलाइन मी बंद करत नाही. आता रक्त काय सांगतं ते." त्यांचंही बरोबर होतं. लोकांनी खरं सांगितलं म्हणून किडनी बरी होत नाही.

बुधवारी सकाळी वर्तमानपत्र ओलं होतं. मुलीनं फोन करून हे मला ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात तिनं बारावीचा निकालही सांगितला नव्हता. पण दुपारच्या रक्ततपासणीत किडनीचा एक आकडा मर्यादेच्या किंचित वर होता. डॉक्टर म्हणाल्या, "पाणी कमी पडल्यानंही चढतो. उद्या उतरला तर सुटलो." म्हणजे उद्यापर्यंत तेच. बायकोनं त्या रात्री स्वयंपाक केला नाही. मावशींनी डबा पाठवला, भाजी-भाकरी. गोड काही नव्हतं.

गुरुवारी आकडा उतरला. मी कागद डॉक्टरांच्या हातून घेऊन स्वतः वाचला, मग मर्यादेचा रकाना वाचला, मग तारीख वाचली की आजचीच आहे ना. पिल्लानं बोटावरची पेज चाटली. थोड्या वेळानं सुईची पट्टी चावायला लागलं, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "आता घरी न्या. पेज, उकडलेला भात, थोडं दही. आणि गल्लीत पाटी लावा."

संध्याकाळी आजोबा आले. दवाखान्यासाठी गल्लीत घरटी शंभर-शंभर काढले होते, अकराशे रुपये. मी नको म्हणालो. निदान चौथ्या घरचे तरी परत करा, असं मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, कारण शंभर रुपये म्हणजे त्या घरचा दोन दिवसांचा भाजीपाला. त्या बाई तिथंच मागे उभ्या होत्या. "का?" त्या म्हणाल्या. "माझी खीर त्यानं खाल्ली नाही का?"

ते शंभर मी ठेवले. सगळेच ठेवले.

दवाखान्याचं बिल तपासण्या, सलाइन आणि औषधं मिळून चार हजार तीनशे ऐंशी रुपये झालं. शुक्रवारी सकाळी पंचवटीत जाऊन मी ते डॉक्टरांना रोख दिलं: अकराशे गल्लीचे, तीन हजार दोनशे ऐंशी माझे.