चंडोल लई गोड

अहमदपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका पंक्चरवाल्याचं दुकान आहे. ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता तो सगळं दोनदा बोलतो. "बसा सर, बसा." सकाळी आम्ही माळावर फिरायला बरोबर जायचो, तिथं मात्र तो एकदम गप्प. ओठ मुडपून चंडोलासारखी शीळ घालायचा आणि तरवडाच्या झुडपाआडून खरा चंडोल उत्तर द्यायचा. मग हा डोळे मिटून म्हणायचा, "लई गोड हाय, सर." मीही मान डोलवायचो, "हाव, लई गोड." गाण्याचा असा कान गावात दुसऱ्या कुणाला नाही, असं मी घरी कौतुकानं सांगायचो.

परवा शीळ ऐकून चंडोल थेट समोरच्या दगडावर आला आणि तुरा उभारून गाऊ लागला. मी श्वास रोखून मोबाइल काढला. तेवढ्यात याच्या खिशातून जुन्या ट्यूबच्या रबराची गलोल निघाली. गाणं अर्ध्यावरच तुटलं.

त्यानं पाखरू उचललं, अंगठ्यानं छातीचं मांस चाचपलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. ते अजून गरम होतं.

"घ्या सर, घ्या. मीठ लावून भाजा. रोज म्हणून राहिले ना तुमी, लई गोड म्हणून."