हातखंब्यापलीकडचं विजेचं गाव

रत्नागिरीला निघालात तर कोल्हापूरहून सकाळची एसटी गाठा आणि खिडकीची जागा सोडू नका. आंबा घाट झोपेत घालवणाऱ्याला माझ्याकडे माफी नाही. मी पहिल्यांदा गेलो ते ऐंशीच्या दशकात, तेही हौसेने नव्हे. देशाची प्रगती मोजायचं काम निघालं होतं आणि कुठल्या गावात वीज पोचली, हे बघायला मला धाडलं होतं. नोकरी नवी, त्यामुळे उत्साह भलताच.

हातखंब्याला उतरून तिठ्यावर उसळ-पाव खाल्ला. दोन रुपयांत पोट भरलं. पुढे गाडी नव्हती, कातळावरून तासभर चाललो. टोपी नेल्याशिवाय जाऊ नका.

गावाच्या शिवेवर आंब्याची बाग, बागेत पाण्याची मोटर, मोटरीला वीज. माणसांची वाडी तिथून मैलभर खाली. तिथे खांबच नाही.

वाडीत सुनंदावहिनींच्या पडवीत टेकलो. त्यांच्या मुंबईत कामाला असलेल्या नवऱ्याने एक जुनी पिठाची गिरण घेऊन पाठवली होती. ती गोणपाटाखाली झाकलेली. वीज आली की गिरण सुरू करायची आणि त्याने कायमचं घरी यायचं, असं दोघांचं ठरलं होतं.

वहिनींनी जात्यावरच्या पिठाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. जेवून मी फॉर्म काढला.

"लाइट नाय असाच लिवा हां, भाऊ," त्या म्हणाल्या. "नायतर खांब घेवन कोण येतोय हितं?"

मी नियम सांगितला. गावाच्या हद्दीत एक जोडणी असली तरी सगळं गाव विजेचं धरतात.

"म्हंजे त्या मोटारीमुळं आमच्याकडं लाइट आली?"

"कागदावर आली."

"मंग गिरण पण कागदावरच फिरवू काय?" म्हणून त्या हसल्या. मला हसू येईना.

मी 'होय'वर खूण केली आणि खाली शेरा लिहिला: वाडीत वीज नाही. कचेरीत साहेब म्हणाले, "शेऱ्याला रकाना आहे का? खोडा." खोडला. मीच खोडला, आणि त्याची लाज आजही वाटते.

काही महिन्यांनी घरी रेडिओवर देशाच्या प्रगतीच्या बातम्या चालल्या होत्या. आई कौतुकाने म्हणाली, "बघ, किती गावं उजळली."

मी मान डोलावली. त्यातलं एक मी उजळलं होतं, आणि तिथल्या एका बाईचा नवरा त्यापायी मुंबईतच राहिला असणार.