गाव कोणतं, ताई?

दुपारी दोन ते चार गोंदियात रेडिओवर माझा आवाज चालतो. पानटपरीवर, सलूनमध्ये, देवरीच्या बसमध्ये. बिरसीकडच्या एका लग्नात लोकांनी नवरदेवाला सोडून माझ्यासोबत सेल्फी काढले, तेव्हा माझ्या डोक्यात हवा गेली. ती कशी उतरली, ते सांगतो.

फर्माइशीच्या कार्यक्रमात माझी एक खासियत होती. मी गाव काढून घ्यायचो. इकडच्या माणसाला रेडिओवर गाण्याइतकंच आपल्या गावाचं नाव ऐकायचं असतं. म्हणून मी विचारायचो, गाव कोणतं, घर कुठं, शेजारी काय. मग सगळं जोडून असं सांगायचो, की ऐकणारा थेट अंगणात पोचला पाहिजे.

फोन आधी काचेपलीकडची माझी सहकारी उचलते आणि गाणं, गाव, नंबर चिठ्ठीवर लिहून देते. त्या दिवशी एका जुन्या हिंदी गाण्याखाली तिनं लिहिलं होतं, ‘गाव विचारू नका’. खाली दोन रेघा. मला वाटलं, बाई लाजते आहे. खरं सांगायचं तर मी जिद्दीलाच पेटलो.

"गाव कोणतं, ताई?"

"राहू द्या ना भाऊ. गाणं लावा."

"काऊन? गावावर रुसून राहिल्या का?"

ती हसली. मागे चाललेली शिलाई मशीन थांबली. "इटियाडोह धरणाच्या नहराजवळ," ती हळूच म्हणाली.

मला एवढं पुष्कळ झालं. "ऐका मंडळी! नहराकाठी शिलाई करणारी आपली ताई! आणि समोर राईस मिल आहे ना? आवाज येऊन राहिला मला."

काचेपलीकडून सहकारी दोन्ही हात हलवत होती. मी तिला अंगठा दाखवला आणि गाणं लावलं.

गाणं संपायच्या आत ऑफिसचा फोन वाजला. पुरुषाचा आवाज, अगदी शांत. "नहराजवळची राईस मिल म्हणजे कोणत्या गावची जी?"

"आपण कोण?"

"घरवाला आहो तिचा. सहा महिन्यांपासून शोधून राहिलो. आवाज ओळखलो मी. उपकार झाले तुमचे, भाऊ." त्यानं फोन ठेवला.

चिठ्ठीवरचा नंबर लावला. तिनं उचलला. मी घाईघाईनं सांगितलं, की तुमच्या घरवाल्याचा फोन आला होता, तिथून निघा.

"गाव नका विचारा म्हणून पैलेच सांगतलं होतं ना, भाऊ," एवढंच म्हणाली. त्यानंतर तो नंबर बंद झाला. मी पोलीस ठाण्यात गेलो. त्यांनी बाईचं नाव विचारलं. मला तिचं फक्त आवडतं गाणं माहीत होतं. बंद नंबर आणि ‘नहर, राईस मिल’ एवढं लिहून देऊन परत आलो.

त्या आठवड्यात मी एकालाही गाव विचारलं नाही. लोक नाराज झाले. मी प्रत्येक फोनमागे शिलाई मशीन ऐकू येते का, ते ऐकत होतो.

पुढच्या सोमवारी चिठ्ठी आली. तेच गाणं. सहकारीनं ती काचेखालून सरकवली, पण तिचा हात चिठ्ठीवरून निघेना. मी लाईन घेतली.

"ओळखलं का, भाऊ?" तोच शांत आवाज. "तिच्या पसंतीचं गाणं लावा. आमच्या दोघांकडून."

"ताईंना द्या ना फोन," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

"कायले? बसली आहे ना बाजूला. ऐकून राहिली."

मी कान लावला. मागे मशीन नव्हती, भांडं नव्हतं, कोणाचा श्वासही नव्हता.

"आज गाव नाही विचारत, भाऊ?" तो म्हणाला.

सगळा जिल्हा ऐकत होता. मी गाणं लावलं.